उरलेले बाइट

जुन्या हौशी कॉम्प्युटरांची तुलना करायला बसलं की पहिला तक्ता ठरलेला: नाव, साल, किंमत, मेमरी, मेगाहर्ट्झ. माझ्या वहीत असे चार तक्ते झाले. खोटं त्यात काही नाही. पण स्थळाच्या माहितीपत्रकात उंची, वर्ण आणि पगार लिहितात, तितपतच ते खरे. पुढची टिपणं तक्त्यात न मावलेल्या गोष्टींची.

*

ऑल्टेअर ८८००. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर झळकला. किट ३९७ डॉलरला. आत इंटेलची ८०८० चिप, २ मेगाहर्ट्झ, आणि मेमरी २५६ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आज आपण देवनागरी यूटीएफ-८ पद्धतीने साठवतो. तिच्यात एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरायची. म्हणजे ८५ चिन्हं झाली की ऑल्टेअर भरला. या लेखाची पहिली दोन वाक्यंही त्यात धड मावली नसती.

कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोर स्विचांच्या रांगा आणि लाल दिवे. प्रोग्राम स्विच खालीवर करत एकेक बाइट भरायचा, आणि वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. तरीही एमआयटीएस कंपनीकडे हजारोंनी मागण्या गेल्या. लोक नेमकं काय विकत घेत होते? माझ्या मते ती १०० पिनांची खाच. मशीनच्या पोटात बोर्ड खोचायला सारख्याच खाचांची ओळ होती, आणि कोणत्या पिनेवर काय हे माहीत असलं की कुणीही आपला बोर्ड करून तिथे बसवू शकत होता. पुढे तिलाच एस-१०० बस म्हणू लागले. कंपनी गेली, बस राहिली.

*

त्याच ऑल्टेअरची मेमरीची कथा. कंपनीचे स्वतःचे ४ किलोबाइटचे बोर्ड डायनॅमिक रॅमचे होते. या रॅमला दर दोन-एक मिलिसेकंदांनी उजळणी द्यावी लागते, नाहीतर ती पाढे विसरते. कंपनीच्या बोर्डांना ते गणित जमलं नव्हतं. बेभरवशाचे म्हणून ते बदनाम झाले. तेवढ्यात बॉब मार्शच्या प्रोसेसर टेक्नॉलॉजीने स्टॅटिक रॅमचा ४ किलोबाइटचा बोर्ड काढला. त्याला उजळणीच नको.

कंपनीचा उतारा असा: बेसिक भाषा सुटी घेतली तर ५०० डॉलर, आमच्या मेमरी बोर्डांबरोबर घेतली तर त्याच्या काही अंशात. थोडक्यात, नासके आंबे घ्या म्हणजे पेटी स्वस्त. लोकांनी मार्शचा बोर्ड घेतला आणि बेसिकची कागदी टेप एकमेकांकडून उतरवून घेतली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून झापलं, की ऑल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांनीही बेसिक विकत घेतलेलं नाही. चोरी ती चोरीच. पण तिचं बी त्या किंमतपत्रकात पेरलेलं होतं असं मला राहून राहून वाटतं.

*

स्टीव्ह डॉम्पिअरने ऑल्टेअरजवळ एक रेडिओ ठेवला. चिप चालताना जी विद्युत खरखर बाहेर पडते ती रेडिओत ऐकू येते. कोणत्या सूचनेला किती वेळ लागतो याचा हिशेब करून त्याने लहानमोठी आवर्तनं रचली आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लबात बीटल्सचं 'फूल ऑन द हिल' वाजवून दाखवलं. आवाजाची सोय नसलेलं मशीन गायलं. स्पीड कानांनी मोजण्याचं याहून सुरेख उदाहरण मला ठाऊक नाही.

*

मेगाहर्ट्झचं सोंग. झेड-८० चिपेला जाहिरातीत मोठा आकडा मिळतो: सिंक्लेअर स्पेक्ट्रममध्ये ३.५. सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू बिचारी ॲपल टू आणि कमोडोरमध्ये १ च्या आसपास. म्हणजे स्पेक्ट्रम साडेतीन पट वेगवान?

एक साधं काम घेऊ. मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावरचा बाइट उचलून आत आणायचा. सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टूला त्यासाठी ४ ठोके लागतात, १ मेगाहर्ट्झला ४ मायक्रोसेकंद. झेड-८० ला १३ ठोके, ३.५ मेगाहर्ट्झला झाले ३.७ मायक्रोसेकंद. एवढ्या डामडौलानंतर फरक तीन दशांश मायक्रोसेकंदाचा. एक जण लांब ढांगा टाकत सावकाश चालतो, दुसरा तुरुतुरु. कोपऱ्यावरच्या दुकानात दोघं बरोबरच पोचतात. (हे एकाच कामाचं. आतल्या आत आकडे हलवायचे असले की झेड-८० ला भरपूर रजिस्टर आहेत, तिथे ती पुढे जाते. तिचे भक्त पत्र लिहितील म्हणून नोंदवून ठेवतो.)

किंमत मात्र सोंग नव्हती. १९७५ मध्ये ८०८० सुटी घ्यायला गेलं तर ३६० डॉलर आणि सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू २५ डॉलर. वॉझ्नियॅकने ॲपलसाठी ती घेतली यात तत्त्वज्ञान शोधू नये.

*

१९७७ साली 'किलोबॉड' मासिकात टॉम रग आणि फिल फेल्डमन यांनी बेसिकच्या सात छोट्या कसोट्या छापल्या. पहिली तर अगदी बाळबोध: एकपासून हजारपर्यंत मोज, बाकी काही करू नको. पुढच्या कसोट्यांत एकेक गोष्ट वाढते: बेरीज, भागाकार, सबरूटीन, ॲरे. ब्रिटनमध्ये 'पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड'ने त्याला आठवी जोडली आणि मग वर्षानुवर्षं प्रत्येक नवं मशीन या ओळीत उभं केलं गेलं.

हजारपर्यंत मोजायला बीबीसी मायक्रोला साधारण एक सेकंद. स्पेक्ट्रमला चारच्या वर. चिपांचा फरक एवढा नाही, बीबीसीची सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू २ मेगाहर्ट्झवर चालते हे धरूनही नाही. फरक आहे तो बेसिक लिहिणाऱ्या हातांचा. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्नसाठी ते सोफी विल्सनने लिहिलं आणि वेगासाठीच लिहिलं. स्पेक्ट्रमचं बेसिक मुळात चिंचोळ्या जागेत मावावं म्हणून जन्मलेल्या घराण्यातलं.

*

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए. तक्त्यात सगळ्यांच्या वर: चक्क १६ बिटांची चिप, ३ मेगाहर्ट्झ, १६ किलोबाइट रॅम, आणि हे १९८१ साली. बेसिकमध्ये चालवून बघा. गोगलगाय.

कारण ती १६ किलोबाइट मेमरी मुख्य चिपची नाहीच, चित्र काढणाऱ्या चिपची आहे. मुख्य चिपला तिच्याकडून एकेक बाइट खिडकीतून मागून घ्यावा लागतो, रेशनच्या दुकानासारखा. स्वतःची म्हणावी अशी जलद मेमरी २५६ बाइट. पुन्हा ऑल्टेअर! त्यातून बेसिकचा दुभाषा लिहिलेला जीपीएल नावाच्या दुसऱ्या भाषेत, आणि त्या भाषेलाही दुभाषा. म्हणजे तेलुगू माणसाचं म्हणणं कानडीतून मराठीत ऐकायचं.

*

मेमरीचा खरा प्रश्न 'किती आहे' हा नव्हे, 'किती उरली' हा.

सिंक्लेअरचा झेडएक्स-८१, १९८१, जोडलेला घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्स. मेमरी १ किलोबाइट: १०२४ बाइट. त्यातले १२५ मशीन स्वतःच्या नोंदींसाठी घेतं. उरले ८९९. पडदा पूर्ण भरला तर त्याला लागतात ७९३. उरले १०६. पडदा भरून काही दाखवायचं, तर ते दाखवणारा प्रोग्राम १०६ बाइटांत लिहा.

अशात डेव्हिड हॉर्न नावाच्या गृहस्थाने या १ किलोबाइटात बुद्धिबळ बसवलं. ६७२ बाइट. कॅसलिंग नाही, प्याद्याचं वजीर होणं नाही. पण कॉम्प्युटर समोर बसून खेळतो आणि नवख्याला हरवूही शकतो. याच्यापुढे मला स्पीड वगैरे विचारू नका.

*

सिंक्लेअरच्या बेसिकमध्ये प्रोग्रामातला प्रत्येक आकडा दोनदा साठवला जाई: एकदा आपण टाइप केला तसा, आणि त्यामागे लपवून ६ बाइटांत मशीनला कळेल तसा. म्हणजे साधा '०' लिहिला की ७ बाइट खर्च. म्हणून जाणकार शून्याऐवजी 'नॉट पाय' लिहीत. गणितातला पाय शून्य नाही, म्हणून 'नॉट पाय' शून्य. आणि दोन्ही शब्द एकेका बाइटाचे. एकाऐवजी 'साइन ऑफ पाय', म्हणजे पायचं धन-ऋण चिन्ह. तेही दोन बाइटांत. ५ बाइट वाचले. वेळ थोडा जास्त जातो, पण वेळ फुकट मिळत होता, बाइट नव्हते.

आजीची आठवण होते. नारळाची करवंटीसुद्धा ती टाकत नसे.

*

स्पेक्ट्रम ४८ किलोबाइट, १९८२, १७५ पौंड. वरची ३२ किलोबाइट कुठून आली? ६४ किलोबिटांच्या ज्या चिपा तपासणीत अर्ध्या बिघडलेल्या निघत, त्या स्वस्तात घ्यायच्या, आणि चांगला अर्धा कोणता ते बोर्डावर एक तार जोडून सांगायचं. डागी हापूस अर्धा कापून आमरसाला घ्यावा, तसं. हे वाचलं तेव्हा सिंक्लेअरबद्दलचा माझा आदर दुणावला. इतरांनी चिपा विकत घेतल्या, यांनी बाजार केला.

त्यांची टपालसेवा मात्र वेगळं प्रकरण. २८ दिवसांत पाठवू असं छापायचं आणि गिऱ्हाइकाने महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट पाहायची, हे ब्रिटनभर गाजलं.

*

बीबीसी मायक्रो मॉडेल बी: ३२ किलोबाइट. सर्वांत रंगीत पडदा, मोड २, एकटाच २० किलोबाइट गिळतो. कॅसेटवर काम करत असाल तर तुमच्या प्रोग्रामला राहतात ८७०४ बाइट. हौसेने डिस्कची सोय करून घेतली, की तीही आपला वाटा आधीच उचलते, आता ५८८८. पैसे जास्त भरले, जागा कमी झाली. मुंबईकराला हे नव्याने सांगायला नको.

कमोडोर ६४ सुरू करताच पडद्यावर स्वतःच कबूल करतो: ३८९११ बाइट मोकळे. नाव ६४ चं. बाकीची मेमरी रॉमच्या आड दडलेली. बेसिकला ती दिसतच नाही, मशीन कोडवाल्याला रॉम बाजूला सारून वापरता येते.

*

आता पाठिंबा. 'व्हेंडर सपोर्ट' म्हटलं की आपल्याला फोन उचलणारा माणूस आठवतो. हौशी माणसाला तो फारसा नकोच असतो. त्याला हवं असतं ते कागदावर.

ॲपल टू सोबत १९७८ मध्ये लाल मुखपृष्ठाचं एक पुस्तक आलं. त्यात सर्किट डायग्राम, आणि मशीनच्या रॉममधल्या मॉनिटर प्रोग्रामची ओळ न् ओळ. घर घेतलं आणि बिल्डरने गवंड्याच्या खुणांसकट नकाशा हातात ठेवला, असं कधी ऐकलंय? आत आठ खाचा. ज्याला जे सुचलं त्याने ते खोचलं. ॲपल टूचा वंश १९९३ पर्यंत विकला गेला त्याचं श्रेय मी चिपेपेक्षा त्या लाल पुस्तकाला देतो.

अटारी ८०० (१९७९) उघडउघड सरस यंत्र. १.७९ मेगाहर्ट्झ, चित्रांसाठी खास चिपा. पण त्या चिपा कशा चालवायच्या हे कंपनी बाहेरच्यांना सांगेना. घरातली सून आहे, पाककृती बाहेर द्यायची नाही. दोन-तीन वर्षांनी क्रिस क्रॉफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांचं 'दे रे अटारी' हे पुस्तक आलं तेव्हा कुठे कुलूप उघडलं. तोवर बरेच प्रोग्रामर दुसऱ्या दारात जाऊन बसले होते.

आणि टीआय. १९८३ मध्ये त्यांनी मशीनच्या नव्या आवृत्तीत असा बदल केला की परवाना न घेतलेल्या कंपन्यांची साध्या रॉमवरची कार्ट्रिज चालेनाशी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी घरगुती कॉम्प्युटरांचा धंदाच गुंडाळला. दाराला कडी घालून मग घर सोडलं.

*

एकॉर्नचा पाठिंबा मला सगळ्यांत समंजस वाटतो, कारण त्यात अट होती. युझर गाइडमध्ये सिस्टिमला काम सांगायच्या अधिकृत पद्धती दिल्या होत्या, आणि त्यांतूनच जा, थेट मेमरीत हात घालू नका, असं बजावलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांचे प्रोग्राम पुढे बीबीसीला दुसरा प्रोसेसर जोडला तरी चालले. ज्यांनी दोन मिलिसेकंद वाचवायला भिंतीवरून उडी मारली, त्यांचे तिथेच पडले. खेळ लिहिणारे बहुतेक उडी मारणारेच. आणि माझ्या आवडीचे प्रोग्राम बहुतेक खेळच. तेव्हा हा समंजसपणा दुसऱ्यांना सांगण्यापुरता.

*

कमोडोरचा १५४१ डिस्क ड्राइव्ह. आत स्वतःची सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू, स्वतःची २ किलोबाइट रॅम. म्हणजे ड्राइव्ह हाच एक कॉम्प्युटर. आणि फाइल वाचणार सेकंदाला ३००-४०० बाइट. आधीच्या व्हिक-२० मधल्या एका चिपेत दोष होता, म्हणून बिटं हाताने मोजून पाठवायची मंद रीत आली. नव्या मशीनमध्ये चिप सुधारली, पण जुन्या ड्राइव्हशी जुळावं म्हणून रीत तीच ठेवली. एपिक्ससारख्या बाहेरच्या कंपन्यांनी मग कार्ट्रिज विकली: ड्राइव्हच्या रॅममध्येच आपला प्रोग्राम घुसवायचा आणि पाचपट वेगाने वाचायचं.

कमोडोरने मॅन्युअलांत पुरेसं लिहिलं होतं म्हणून हे जमलं. दोष त्यांचा, औषध दुसऱ्याचं, पण घराची किल्ली उंबऱ्याखाली ठेवली होती.

*

१९८६ मध्ये सिंक्लेअरचे कॉम्प्युटर ॲमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतले. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने कळवलं की स्पेक्ट्रमच्या रॉमच्या प्रती एम्युलेटरबरोबर वाटायला हरकत नाही. मशीन बाजारातून गेल्यावर इतक्या वर्षांनी आलेलं हे एक पत्र मी पाठिंब्याच्या रकान्यात फार वर लिहितो.

*

रास्पबेरी पाय, २९ फेब्रुवारी २०१२. ३५ डॉलर, ७०० मेगाहर्ट्झ, २५६ मेगाबाइट.

२५६! ऑल्टेअरचाच आकडा. ३७ वर्षांत मेमरी बरोबर १०,४८,५७६ पट झाली. क्लॉक झालं ३५० पट. किंमत एक दशांशाच्याही खाली.

आणि जुनी खोड तशीच: त्या २५६ मधले काही चित्रांच्या चिपेला द्यावे लागत, किती ते तुम्ही ठरवा. उरले किती हा प्रश्न इथेही.

पायची नक्कल म्हणून निघालेला एक बोर्ड मी घेतला होता. दुप्पट रॅम, दुप्पट कोअर, किंमत कमी. तक्त्यात पायचा धुव्वा. सोबतची सिस्टिम एका दुव्यावरून उतरवून घ्यायची होती. वर्षभरात तो दुवा मेला, कर्नल होता तिथेच थिजला, व्हिडिओचा ड्रायव्हर कधी आलाच नाही. तो बोर्ड आता कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. पहिल्या पायवर मात्र त्यांची ३२ बिटांची सिस्टिम अजून चढते. पायही सगळं उघडं करत नाही. चालू होताना जो प्रोग्राम आधी धावतो तो बंद पेटीतलाच. तरी दार वाजवलं की आतून कुणीतरी 'ओ' देतं.

*

भारतात १९८४ मध्ये शाळांसाठी जो सरकारी 'क्लास' प्रकल्प आला त्यात बीबीसी मायक्रो होते. आमच्या शाळेपर्यंत तो पोचला नाही. १९८६ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस इथे आणला, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. तो मामेभावाकडे आला आणि आमची दिवाळीची सुट्टी पुण्याला जाऊ लागली.

प्रोग्राम कॅसेटवर. लोड व्हायला चार-पाच मिनिटं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात 'टेप लोडिंग एरर'. शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला तरी तेच. मग कळलं की टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू किंचित फिरवला आणि आवाज कर्कश झाला की लोड होतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळवायचा, इतकंच. पण टेपरेकॉर्डर मामांचा, नाट्यसंगीताचा. संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली आणि आतून हाक आली, "काय रे, बालगंधर्वांना पडसं झालंय का?"

मामांनी रागावून काही बंद केलं नाही. मामीची नेलपॉलिशची बाटली आणायला सांगितली आणि हेडच्या स्क्रूशेजारी दोन ठिपके दिले. वरचा आमचा, खालचा त्यांचा. रात्री झोपण्यापूर्वी स्क्रू खालच्या ठिपक्यावर आणून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.